न दिसणारा विस्तव

(मंडळाच्या महिला शाखेने योजिलेल्या सभेतील भाषण)



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर ते स्वाभाविक आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, नाट्यसंगीतावर बोलावे, परप्रांतात मराठी कशी टिकवावी यावर बोलावे. स्वयंपाकघराच्या कपाटात बसवलेल्या विजेच्या ओव्हनवर कोणी भाषण करावे, हे थोडे अजब वाटते. परंतु ज्या पेटीत अडीचशे अंश सेल्सियसपर्यंत उष्णता कोंडलेली असते आणि जिच्यासमोर आपली मुलेबाळे वावरतात, तिच्याविषयी चार गोष्टी ठाऊक करून घेणे हेही मंडळाच्या कामात बसते, असे आम्हांस वाटते.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने तर या विषयाला आणखी एक बाजू आहे. बदलीचा हुकूम येतो, नव्या शहरात जागा मिळते, आणि तिच्या स्वयंपाकघरात कपाटांच्या रांगेत काचेच्या दाराचा एक ओव्हन आधीपासूनच बसवलेला असतो. तो कोणी बसवला, त्यासाठी कोणती वायर टाकली, आधीच्या बिऱ्हाडाने तो कसा वापरला, यांतले काहीच आपल्याला ठाऊक नसते. माहितीपुस्तिका बहुधा हरवलेली असते. आणि सापडली, तरी घरातल्या सर्वांना सहज वाचता येईल अशा भाषेत ती नसते.

आपल्या आजी-पणजींच्या घरी विस्तवाचे एक शास्त्र होते. चूल पेटलेली आहे की विझलेली, हे कोणाला विचारावे लागत नसे. जाळ दिसे, धूर डोळ्यांत जाई, लाकडे तडतडत. चुलीपुढे पदर खोचून बसावे, लहान मुलाला तिकडे फिरकू देऊ नये, रात्री निखाऱ्यांवर राख ओढावी आणि सकाळी चूल सारवून मगच पेटवावी, हे सारे सासूने सुनेला न सांगताही सून पाहून शिके. पुढे स्टोव्ह आला, मग गॅस आला. त्यांचेही नियम घरोघर रुजले. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये, हे आज शाळकरी मूलही जाणते. विजेच्या ओव्हनला मात्र घरात वडीलधारे कोणी नाही. त्याचा जाळ दिसत नाही, धूर येत नाही, वास येत नाही. त्याचे नियम पाहून शिकावेत असे कोणी आपल्यापुढे नव्हते, म्हणून ते मुद्दाम शिकावे लागतात आणि मुद्दाम शिकवावे लागतात. आजच्या भाषणाचा सारांश एवढाच आहे. पुढील सारा त्याचा विस्तार समजावा.

प्रथम हे सांगितले पाहिजे की भट्टीत भाजणे आपल्याला परके नाही. कोकणातील तवसाचे धोंडस किंवा पाठारे प्रभूंच्या घरचे भानोले पूर्वी भांड्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजले जाई. गोव्यातील बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेवर भाजून मग त्यावर पुढचा थर ओतला जातो. नानकटाईचे ताट घेऊन बेकरीत रांग लावल्याचे इथल्या अनेकांना स्मरत असेल. ओव्हनचे तत्त्वही हेच आहे: खाली निखारे, वर निखारे. फरक इतकाच की इथे निखाऱ्यांच्या जागी विजेने तापणाऱ्या नळ्या असतात, आणि खालची नळी बहुतेक ओव्हनमध्ये तळाच्या पत्र्याखाली दडलेली असते. म्हणून वरची नळी लाल दिसली नाही, तरी खाली आच नाही असे समजू नये.

या नळ्यांच्या आत निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. तिला नायक्रोम म्हणतात. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली मिळाले. लाल होईपर्यंत तापली तरी ही तार हवेत जळून जात नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर तयार होतो. या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. बाहेरून धातूचे कवच असते. या पुडीची पुढे पुन्हा आठवण काढावी लागणार आहे.

आता विजेचा मूळ नियम. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि अवरोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडले. हा नियम निःपक्षपाती आहे. जिथे अवरोध असेल तिथे उष्णता निर्माण होणारच. ती जागा केक भाजणारी नळी आहे की सैल बसलेला प्लग आहे, हे वीज पाहत नाही. प्लगची पिन सैल असेल, वायरचा स्क्रू ढिला असेल, जोड नुसता पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळलेला असेल, तर त्या ठिकाणीही एक छोटी भट्टी पेटते. तिला ना थर्मोस्टॅट असतो, ना दार. ओव्हनमुळे लागणाऱ्या आगीचे मूळ कित्येकदा ओव्हनच्या बाहेरच असते.

थोडे गणित करू. तीन किलोवॅटच्या ओव्हनमधून २३० व्होल्ट दाबाला सुमारे १३ अँपिअर प्रवाह वाहतो. साडेतीन किलोवॅटच्या ओव्हनमधून तो १५ अँपिअरच्या पुढे जातो. दिव्या-पंख्यांच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचे हे काम नव्हे. ओव्हनसाठी मुख्य फलकापासून थेट आलेली स्वतंत्र वायर हवी, तिच्यावर स्वतंत्र एम.सी.बी. हवा, आणि वायर पुरेशा जाडीची, तांब्याची हवी. किती जाडीची, आणि ओव्हन प्लगवर जोडावा की थेट, हे ओव्हनची पाटी आणि वायरचे अंतर पाहून परवानाधारक वायरमननेच ठरवावे. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा एका सॉकेटवर तीन प्लग लावण्याची युक्ती इथे सर्वस्वी वर्ज्य समजावी.

संपूर्ण घराचा हिशेबही ध्यानात घ्यावा. ओव्हन तीन किलोवॅट, गीझर दोन, वातानुकूलन यंत्र दीड. ही तीन एकदम चालली की साडेसहा किलोवॅट, म्हणजे सुमारे २८ अँपिअर होतात. विजेच्या बिलावर घराचा मंजूर भार छापलेला असतो. तो या हिशेबाशी ताडून पाहावा. इन्व्हर्टरवर ओव्हन लावू नये.

अर्थिंगविषयी तडजोड नसावी. ओव्हनचे शरीर धातूचे असते. आतल्या वायरचा शरीराला स्पर्श झाला, तर वीज जमिनीत जाण्यासाठी तिला वाट हवी. नाहीतर ती वाट दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या माणसातून जाते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते, त्यामागे हेच कारण आहे: प्लग घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. भाड्याच्या जागेत पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे मानू नये. वायरमनकडून मोजून घ्यावे. याशिवाय ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. फलकात असावा, आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो खरोखर पडतो की नाही हे पाहावे.

अनेक गावांतून विजेचा दाब खालीवर होतो. दाब १८० व्होल्टवर आला, तर नळीची उष्णता वर्गाच्या नियमाने साधारण ६१ टक्क्यांवर येते. अशा वेळी केक कच्चा राहिला म्हणून ओव्हनला दोष देऊ नये आणि तापमानाची कळही शेवटपर्यंत फिरवू नये. वेळ अधिक द्यावा. मध्येच दाब पूर्ववत झाला की चढवलेल्या तापमानाने पदार्थ करपतो.

कपाटात बसवलेल्या ओव्हनला श्वास घ्यायला जागा लागते. मागे आणि वर किती फट सोडावी हे पुस्तिकेत दिलेले असते. सुताराने सफाईसाठी मागची बाजू प्लायवूडने बंद केली असेल, तर ती मोकळी करून घ्यावी. ओव्हन दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी कपाटाला पक्का केलेला असावा; नाहीतर उघड्या दारावर जड ताट ठेवताच तो पुढे झुकू शकतो. प्लग असल्यास तो ओव्हनच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात हात पोहोचेल असा हवा.

नवा ओव्हन प्रथम रिकामाच तापवावा. आतील पुठ्ठे, प्लॅस्टिकचे कागद, ताटे, सारे बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ तो चालवावा. या वेळी येणारा वास आणि किंचित धूर हा कारखान्यातील तेलकटपणाचा असतो.

रोजच्या वापरातील एक गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे, म्हणून ती विशेष लक्षात ठेवावी. काम संपताच भिंतीवरचे बटण बंद करावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे आणि एरवी ते योग्यच आहे. परंतु कपाटात बसवलेल्या बहुतेक ओव्हनना स्वतःला थंड ठेवणारा एक पंखा असतो, आणि ओव्हन बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. आवाज येतो म्हणून तत्काळ मुख्य बटण बंद केले, तर आतली उष्णता कोंडून वायरी, कळांची पाटी आणि भोवतालचे कपाट यांना पोहोचते. ओव्हन त्याच्या स्वतःच्या कळेने बंद करावा, पंखा आपोआप थांबू द्यावा, आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे.

दुसरी सवय जागेच्या टंचाईतून आली आहे. ओव्हन रोज लागत नाही, म्हणून त्याच्या पोटात कढया, तवे, प्लॅस्टिकचे डबे, पापडांच्या पिशव्या, क्वचित वर्तमानपत्रेही जाऊन बसतात. मग एखाद्या दिवशी ज्याला हे ठाऊक नाही, असा पाहुणा किंवा घरातलाच कोणी ओव्हन तापवायला लावतो. यावर उपाय एकच: ओव्हन हे कपाट नव्हे. आणि तो तापवण्यापूर्वी दार उघडून आत पाहावे, मग ते आपले स्वतःचे घर असले तरीही.

मायक्रोवेव्ह आणि ओव्हन यांतील गोंधळही टाळला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये धातूचे भांडे चालत नाही आणि ठरावीक प्रकारचे प्लॅस्टिक चालते. ओव्हनमध्ये नेमके उलट आहे: धातूचे भांडे चालते, प्लॅस्टिक आणि मेलामाइन वितळते किंवा जळते. साधी काच तडकते. ओव्हनसाठी बनवलेली बोरोसिलिकेट काच चालते, पण तीही शीतकपाटातून थेट तप्त ओव्हनमध्ये ठेवू नये. तळाच्या पत्र्यावर अॅल्युमिनियमचा कागद अंथरणे, तिथेच भांडे टेकवणे किंवा तापलेल्या तळावर पाणी ओतणे यांमुळे पत्र्यावरील इनॅमल तडकते. कारण इनॅमल म्हणजे पोलादावर वितळवून बसवलेली काचच होय. भांडे नेहमी जाळीवर ठेवावे.

दार उघडताना बाजूला उभे राहावे, आधी ते चार बोटे उघडावे, वाफेचा झोत जाऊ द्यावा आणि मगच वाकावे. चष्मा लावणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. पदर किंवा ओढणी खोचलेली असावी. नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या साडीने तर या कामाला उभे राहूच नये. ओले फडके हाताशी घेण्याची आपली सवय इथे घातक ठरते. पाणी उष्णता झटकन हातापर्यंत आणते आणि क्षणात त्याची वाफ होते. जाड, कोरडे हातमोजेच वापरावेत. सांडशीने रुंद ताटाचा तोल राहत नाही, हेही ध्यानात असावे. ओव्हनमध्ये तळण करू नये. केकमध्ये मद्य घातले असेल, तर दार विशेष जपून उघडावे. त्याची वाफ पेट घेणारी असते.

दाराची काच बाहेरूनही तापते, आणि ती नेमकी रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर असते. चुलीपुढे रेघ ओढून मुलांना पलीकडे बसवत, तशी एक रेघ इथेही हवी. फरशीच्या दोन ओळी मोकळ्या ठेवण्याचा नियम करावा, आणि लहान मूल असल्यास दाराला मुलांपासून बचावाचे कुलूप लावून घ्यावे. दिल्ली-लखनौच्या कडाक्याच्या थंडीत ओव्हनचे दार उघडे टाकून खोली गरम करण्याचा मोह कोणास झाला, तर तो आवरावा. ओव्हनचा उपयोग कपडे सुकवण्यासाठीही नाही.

आता निगा. पदार्थ काढल्यावर ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि मग कोमट पाणी, भांडी घासण्याचा थोडा साबण आणि मऊ फडके यांनी त्याच दिवशी पुसावा. सांडलेले तूप किंवा साखर राहू दिली, तर पुढच्या वेळी ती जळते, धूर होतो आणि एखाद्या वेळी पेटते. चिकटलेल्या डागांवर खाण्याच्या सोड्याचा लेप काही वेळ ठेवून पुसावा. अॅल्युमिनियमच्या ताटांना मात्र सोडा लावू नये, ती काळी पडतात. बाजारातील तीव्र द्रावणांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. ती वापरावयाची झाल्यास हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि थंड ओव्हनवरच वापरावीत. दाराच्या काचेवर तारेची घासणी किंवा सुरी कदापि फिरवू नये. ही काच उष्णतेने कडक केलेली असते. तिच्यावरचा ओरखडा आज दिसतही नाही, पण पुढे कधीतरी त्याच ठिकाणाहून तिचे तुकडे होतात. काही ओव्हन सुमारे ५०० अंशांपर्यंत तापून आतील मळाची राख करतात. त्या वेळी जाळ्या बाहेर काढाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि पिंजऱ्यातला पक्षी दुसऱ्या खोलीत, मोकळ्या हवेत न्यावा. आतला दिवा बदलताना मुख्य बटण बंद करून, ओव्हन थंड झाल्यावर, ३०० अंश सोसणारा ओव्हनचाच दिवा लावावा.

आता त्या पांढऱ्या पुडीकडे वळू. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतील ओल शोषून घेते. कोलकाता, चेन्नई, कोची अशा दमट हवेच्या शहरांत हे विशेष जाणवते. उन्हाळ्याच्या सुटीत आपण दोन महिने गावी जाऊन येतो, परतल्यावर ओव्हन लावतो, आणि आर.सी.सी.बी. पडतो. नळीत शिरलेली ओल हे त्याचे एक संभाव्य कारण असते. उंदराने कुरतडलेली वायर हेही असू शकते. कोणते खरे, हे बाहेरून कळत नाही. आर.सी.सी.बी. पुन्हा पुन्हा वर ढकलणे किंवा तो वगळून ओव्हन थेट जोडणे, म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्यालाच घराबाहेर काढणे होय. अशा वेळी जाणकार कारागिराला बोलवावे. आणि एरवीही महिन्यातून एकदा ओव्हन रिकामा थोडा वेळ तापवावा, म्हणजे ओल साठत नाही.

इतके करूनही आतला पदार्थ पेटलाच, तर दार उघडू नये. हवा मिळाली की जाळ बाहेर येतो. ओव्हन बंद करावा, भिंतीवरचे बटण किंवा फलकातील एम.सी.बी. बंद करावा, आणि दार लावलेलेच ठेवून जाळ विझण्याची वाट पाहावी. पाणी टाकू नये. आग बाहेर येते आहे असे दिसले, तर सर्वांना घराबाहेर काढून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कोणास भाजले, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. सूज येण्यापूर्वी बांगड्या आणि अंगठी काढावी. बर्फ, तूप, हळद, शाई, दंतमंजन यांतले काहीही लावू नये, फोड फोडू नये, चिकटलेला कपडा ओढू नये. जखम मोठी असेल, तसेच चेहऱ्यावर किंवा हातावर असेल, किंवा भाजलेले मूल वा वृद्ध व्यक्ती असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शेवटी एक विनंती. आपल्या घरी गावाहून आई-वडील राहायला येतात, दुपारी घरात त्यांच्यासोबत नातवंडेच असतात. शेजारी भला असला तरी त्याची भाषा त्यांना येत नाही. अशा वेळी त्यांना विचारायला कोणी नसते. म्हणून माहितीपुस्तिकेतील आवश्यक तेवढ्या सूचना आपण स्वतः मराठीत, ठळक अक्षरांत लिहून ओव्हनशेजारच्या कपाटाच्या दारावर चिकटवाव्यात. नमुन्यादाखल आम्ही पुढील ओळी सुचवतो:

लावण्यापूर्वी दार उघडून आत पाहा.
कोरडे, जाड हातमोजे वापरा. ओले फडके नको.
आत प्लॅस्टिक नको. तळावर भांडे नको.
दार आधी थोडे उघडा, वाफ जाऊ द्या.
मुले फरशीच्या दोन ओळींपलीकडे.
पंखा थांबल्यावरच भिंतीवरचे बटण बंद करा.
आत पेटले तर दार उघडू नका. ओव्हन बंद करा, मग भिंतीवरचे बटण बंद करा.
दूरध्वनी: ११२.

घरात कामाला येणाऱ्या बाईंना हेच त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. विस्तवापाशी त्याही आपल्याइतक्याच उभ्या असतात. चुलीचे शास्त्र आपल्याला वडीलधाऱ्यांकडून आयते मिळाले. या न दिसणाऱ्या विस्तवाच्या बाबतीत पुढच्या पिढीचे वडीलधारे आपणच आहोत.